पंतप्रधानांची आणि परदेशी पाहुण्यांची सुरक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंतप्रधान किंवा एखाद्या देशाचे राष्ट्राध्यक्ष शहरात येणार असल्याचे जाहीर झाले, की बहुतेक चर्चा कोणते रस्ते किती वेळ बंद राहणार याचीच होते. ही सुरक्षा व्यवस्था कोणत्या कायद्याने चालते, ती कोणाला आणि किती काळ मिळते, स्थानिक पोलिसांचा तिच्यात किती वाटा असतो आणि तिच्यामुळे खोळंबलेल्या नागरिकाने काय अपेक्षा ठेवावी, या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. तैनातीची संख्या, शस्त्रे आणि ताफ्याची रचना यांचा तपशील येथे मुद्दाम टाळला आहे.

पंतप्रधानांच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची असते?

पंतप्रधानांच्या अगदी जवळच्या सुरक्षेची जबाबदारी विशेष सुरक्षा पथकाकडे, म्हणजेच एसपीजीकडे, असते. हे केंद्राचे सशस्त्र दल असून ते गृह मंत्रालयाऐवजी थेट मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत येते. १९८८ च्या कायद्याने या ‘निकट सुरक्षे’ची व्याख्या बरीच व्यापक केली आहे. पायी, रस्त्याने, रेल्वेने, विमानाने किंवा जलमार्गाने होणारा प्रवास, कार्यक्रमाची जागा, निवासस्थान आणि मुक्कामाचे ठिकाण हे सर्व तिच्यात येते. संरक्षित व्यक्तीभोवतीचे कडे, तिच्या आसपासचा निर्मनुष्य केलेला पट्टा, व्यासपीठ आणि तिच्यापर्यंत कोणाला पोहोचू द्यायचे याचे नियंत्रण ही या व्याख्येतील प्रमुख अंगे आहेत.

त्या पट्ट्याबाहेरचे सगळे काम, म्हणजे गर्दीचे नियोजन, वाहतूक, रस्त्याच्या दुतर्फा उभा राहणारा बंदोबस्त, आसपासच्या इमारतींची पाहणी आणि स्थानिक गोपनीय माहिती, हे राज्याच्या पोलिसांचे असते. ही विभागणी लक्षात ठेवली तर पुढची बरीच उत्तरे आपोआप उलगडतात.

हे पथक केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत स्थापन झाले?

१९८१ पूर्वी पंतप्रधानांच्या निवासस्थानाची सुरक्षा दिल्ली पोलिसांचा एक विभाग पाहत असे. त्या वर्षी गुप्तवार्ता विभागाने पंतप्रधानांभोवतीच्या कड्यासाठी आणि ताफ्यासाठी एक वेगळे कृतिदल उभे केले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी श्रीमती इंदिरा गांधी दिल्लीतील १, सफदरजंग रोड या निवासस्थानातून शेजारच्या कार्यालयाकडे पायी निघाल्या असताना त्यांच्याच पहाऱ्यावरील दोन पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. निवासस्थानी रुग्णवाहिका ठेवलेली होती, परंतु त्या क्षणी तिचा चालक जागेवर नव्हता, आणि जखमी पंतप्रधानांना साध्या अॅम्बेसेडर मोटारीतून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत न्यावे लागले. पहाऱ्यासाठी माणसे कशी निवडावीत आणि आणीबाणीच्या पहिल्या पाच मिनिटांची तयारी कशी असावी, हे दोन्ही प्रश्न त्या सकाळी एकाच वेळी उघडे पडले.

फेब्रुवारी १९८५ मध्ये गृह मंत्रालयाने बिरबल नाथ समिती नेमली आणि समितीने पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी एका स्वतंत्र, एकाच नियंत्रणाखालील दलाची शिफारस केली. ३० मार्च १९८५ रोजी या दलासाठी ८१९ पदे निर्माण झाली आणि ८ एप्रिल १९८५ रोजी एसपीजी अस्तित्वात आले. पहिली तीन वर्षे ते केवळ प्रशासकीय आदेशावर चालले. त्याला कायद्याचा पाया १९८८ मध्ये मिळाला.

त्याआधीच्या काळात नेत्यांना धोका नव्हता का?

धोका होता आणि त्याची जाणीवही होती. नेते आणि जनता यांच्यामध्ये पोलीस उभे करणे मात्र त्या पिढीला मनापासून नको होते. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनातील प्रार्थनासभेजवळ बॉम्बस्फोट झाला, त्यानंतर तेथील पोलीस वाढवण्यात आले, पण प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींनी संमती दिली नाही. दहा दिवसांनी त्याच ठिकाणी त्यांची हत्या झाली. स्फोटाच्या जागी पकडलेल्या माणसाच्या जबाबातून कटाचे धागे मुंबई आणि पुण्याकडे जात असताना त्या दहा दिवसांत काय झाले आणि काय राहून गेले, याचा तपास पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने केला. त्या आयोगाचा अहवाल महाराष्ट्रातील प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने वाचावा असे मला वाटते. हाती आलेली माहिती एका शहरातून दुसऱ्या शहरात वेळेवर पोहोचली नाही, तर पहारा कितीही वाढवला तरी तो अपुरा पडतो, हे त्यात तारीखवार दिसते.

मार्च १९५५ मध्ये नागपुरात चाकू घेतलेला एक रिक्षावाला पंडित नेहरूंच्या उघड्या मोटारीवर चढला होता. त्याला लगेच पकडण्यात आले आणि नेहरूंना इजा झाली नाही, परंतु त्या काळी पंतप्रधानांच्या गाडीपर्यंत पोहोचणे किती सोपे होते, याची त्यावरून कल्पना येते.

माजी पंतप्रधानांना ही सुरक्षा मिळते का?

मिळते, पण आता ठरावीक मुदतीपुरतीच. या मुदतीचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे, कारण कायद्यातील जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती कोणत्या ना कोणत्या अनुभवातून आली आहे.

मूळ १९८८ च्या कायद्यात केवळ पदावरील पंतप्रधान आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय होते. १९८९ मध्ये सत्तांतर झाल्यावर राजीव गांधी यांचे एसपीजी कवच काढण्यात आले. २१ मे १९९१ रोजी तमिळनाडूतील श्रीपेरुम्बुदूर येथे निवडणूक सभेपूर्वी स्वागतासाठी उभ्या असलेल्या लोकांमध्ये एक आत्मघाती हल्लेखोर मिसळली आणि पाया पडण्याच्या निमित्ताने वाकून तिने स्फोट घडवला. ज्यांची नावे मंजूर यादीत नव्हती अशी माणसे त्या रांगेपर्यंत पोहोचली होती. सुरक्षेतील त्रुटींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने, एसपीजी काढून घेताना तिच्या तोडीची पर्यायी व्यवस्था उभी केली गेली नाही याकडे बोट दाखवले, आणि त्याचबरोबर पोलीस व आयोजक कार्यकर्ते यांच्याकडून झालेल्या ढिलाईवरही ताशेरे ओढले. वर्मा आयोगाचा हा दुसरा भाग सहसा विसरला जातो. आयोजकांनी ऐन वेळी यादीत नसलेल्या माणसांना पुढे सोडणे हा आजही सभास्थानावरच्या पोलिसांचा सर्वांत मोठा ताप आहे.

१९९१ च्या दुरुस्तीने माजी पंतप्रधान व त्यांच्या कुटुंबीयांचा कायद्यात समावेश झाला आणि पुढे ही मुदत दहा वर्षांपर्यंत गेली. २००३ मध्ये आपोआप मिळणारी मुदत एक वर्षावर आणून त्यापुढील निर्णय धोक्याच्या पातळीवर सोपवण्यात आला. नोव्हेंबर-डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीनुसार, पदावरील पंतप्रधान आणि शासकीय निवासस्थानी त्यांच्यासोबत राहणारे निकटचे कुटुंबीय यांना ही सुरक्षा मिळते. माजी पंतप्रधान व त्यांना दिलेल्या निवासस्थानी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना ती पद सोडल्यापासून पाच वर्षे मिळते. निकटचे कुटुंबीय म्हणजे पती किंवा पत्नी, मुले आणि आई-वडील. या दुरुस्तीच्या सुमारास गांधी कुटुंबीयांची सुरक्षा केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे सोपवण्यात आली.

धोका पद सोडल्याच्या दिवशी संपत नाही, तसा तो वर्षे मोजूनही संपत नाही. त्यामुळे मुदत संपताना आढावा प्रामाणिक असणे आणि पुढची व्यवस्था पहिली संपण्यापूर्वीच जागेवर उभी असणे, या दोन गोष्टी मुदतीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

एसपीजीमध्ये थेट भरती होता येते का?

बाहेरच्या उमेदवारांसाठी वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि भरती होते, अशी पद्धत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, रेल्वे सुरक्षा दल आणि राज्यांचे पोलीस यांतून अधिकारी व जवान प्रतिनियुक्तीवर घेतले जातात, निवड व प्रशिक्षणानंतर ठरावीक काळ सेवा करतात आणि मूळ दलात परत जातात. त्यामुळे या कामाची इच्छा असलेल्या तरुणाने आधी पोलीस किंवा केंद्रीय दलात भरती होऊन चांगली सेवा बजावणे, हाच मार्ग आहे. ‘एसपीजीत लावून देतो’ असे सांगून पैसे मागणारा माणूस फसवणूक करत आहे हे निश्चित समजावे. पथकातील व्यक्तीला संघटना स्थापन करणे किंवा वृत्तपत्रांशी परस्पर बोलणे यांवर कायद्याने बंधने आहेत.

एक्स, वाय, झेड आणि झेड प्लस या श्रेणी म्हणजे काय?

या श्रेणींचा एसपीजीशी संबंध नाही. पंतप्रधान वगळता इतर संरक्षित व्यक्तींसाठी गुप्तवार्ता विभागाच्या धोक्याच्या अंदाजावरून गृह मंत्रालय, किंवा राज्याच्या पातळीवर राज्य सरकार, ही श्रेणी ठरवते. एक्सपासून झेड प्लसपर्यंत जवानांची संख्या, ताफा आणि निवासस्थानाचा पहारा वाढत जातो. काही व्यक्तींना ही सुरक्षा पदामुळे मिळते, काहींना धोक्यामुळे. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे ‘ब्लॅक कॅट’ कमांडो पूर्वी काही झेड प्लस व्यक्तींसाठी दिले जात. दहशतवादविरोधी कारवाई हे त्यांचे मूळ काम असल्याने २०२४ मध्ये त्यांना या जबाबदारीतून मोकळे करून ती केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे देण्याचा निर्णय झाला, आणि तो योग्यच होता.

खर्च स्वतः देऊन सुरक्षा घेण्याचीही तरतूद वापरली जाते. अंबानी कुटुंबीयांना देशभर व परदेशातही झेड प्लस सुरक्षा त्यांच्याच खर्चाने द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला.

सोबत बंदूकधारी असणे ही प्रतिष्ठेची खूण समजली जाते, हे खेदाने मान्य करावे लागते. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवे गेले, पण अंगरक्षकांची हौस गेली नाही. विनाकारण दिलेला प्रत्येक अंगरक्षक हा एखाद्या पोलीस ठाण्यातून कमी झालेला शिपाई असतो. म्हणून ठरावीक काळाने होणारा आढावा हा निव्वळ कागदी सोपस्कार राहता कामा नये.

राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल हेच त्यांचे संरक्षण करते का?

घोड्यांवरील लाल गणवेशातले राष्ट्रपती अंगरक्षक दल ही भारतीय लष्कराची १७७३ पासूनची तुकडी असून तिचे राष्ट्रपती भवनातील काम प्रामुख्याने समारंभाचे आहे. प्रत्यक्ष पहारा आणि दौऱ्यातील सुरक्षा हे पोलीस व केंद्रीय दलांचे काम असते.

पंतप्रधान जिल्ह्यात येणार असतील तर स्थानिक यंत्रणा काय तयारी करते?

ही तयारी दौऱ्याच्या काही दिवस आधी एसपीजीचे अधिकारी येऊन घेत असलेल्या पूर्वसंपर्क बैठकीपासून सुरू होते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, गुप्तवार्ता विभाग, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, अग्निशमन, वीज मंडळ आणि कार्यक्रमाचे आयोजक असे सगळे तेथे एकत्र बसतात. मंडपाच्या खांबांपासून व्यासपीठावर किती माणसे बसणार इथपर्यंत प्रत्येक गोष्ट लेखी ठरते आणि इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या होतात. या कामाचे नियम ‘ब्लू बुक’ या गोपनीय पुस्तिकेत दिलेले असतात.

त्यानंतरचे काम बाहेरच्या माणसाला कंटाळवाणे वाटेल, पण खरी सुरक्षा त्यातच आहे. बांधकाम विभागाचा अभियंता व्यासपीठाच्या भाराची तपासणी करून प्रमाणपत्र देतो. बॉम्बशोधक व नाशक पथक श्वानासह पूर्ण जागा फिरते, आणि एकदा तपासलेली जागा ताब्यात घेतल्यावर तेथे खुर्ची आणून ठेवायची तरी नोंद करावी लागते. हार, गुच्छ, स्मृतिचिन्हे आणि पगड्या आधीच तपासून वेगळ्या ठेवल्या जातात. स्वयंपाकी, ध्वनिक्षेपकवाले, सजावटीचे कामगार, छायाचित्रकार अशा प्रत्येकाची पूर्वचारित्र्य पडताळणी होऊन त्याला पास मिळतो. जवळच्या रुग्णालयात रक्तगट, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टरांची पाळी ठरवून ठेवतात. आदल्या दिवशी रिकाम्या ताफ्याची रंगीत तालीम होते. हेलिकॉप्टरने जायचे ठरले असले तरी रस्त्याचा पर्यायी मार्ग त्याच काळजीने तपासून ठेवावा लागतो.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व ५ जानेवारी २०२२ रोजी पंजाबमध्ये दिसले. खराब हवामानामुळे पंतप्रधान भटिंड्याहून हुसैनीवाल्याकडे रस्त्याने निघाले, पुढे आंदोलकांनी रस्ता अडवलेला होता, आणि ताफा फिरोजपूर जिल्ह्यात एका उड्डाणपुलावर १५ ते २० मिनिटे अडकून पडला. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुरेसे मनुष्यबळ हाताशी असूनही जिल्हा पोलीसप्रमुख आपले कर्तव्य पार पाडण्यात कमी पडले, असा निष्कर्ष समितीने काढला.

राज्य सरकार एसपीजीला सहकार्य नाकारू शकते का?

नाही. ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलेले असले, तरी एसपीजी कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक केंद्रीय खाते, राज्य सरकार, परदेशातील भारतीय वकिलात, स्थानिक संस्था आणि नागरी वा लष्करी अधिकारी यांनी पथकाच्या संचालकांना साहाय्य करणे बंधनकारक आहे. राजकीय पक्ष कोणताही असो, या कामात पोलिसांना तो पाहण्याची मुभा नाही.

परदेशी राष्ट्रप्रमुख आल्यावर त्यांचे स्वतःचे सुरक्षारक्षक काय करू शकतात?

पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमान देशाची असते, हे आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य केलेले आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजदूत व राजनैतिक अधिकाऱ्यांवरील हल्ले रोखण्याची जबाबदारी यजमान देशावर टाकली, आणि १९७३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने परदेशात असलेले राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख, परराष्ट्रमंत्री व सोबतचे कुटुंबीय यांच्यावरील हल्ला हा शिक्षापात्र गुन्हा मानण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले.

प्रत्यक्षात मोठ्या देशांचे प्रमुख आपले अंगरक्षक सोबत आणतात. अमेरिकेच्या अध्यक्षांसोबत त्यांची सीक्रेट सर्व्हिस असते, जी १८६५ मध्ये बनावट नोटांविरुद्ध स्थापन झाली आणि १९०१ मधील अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर अध्यक्षांच्या संरक्षणाकडे वळली. हे अंगरक्षक आपल्या नेत्याच्या शेजारी उभे राहू शकतात, परंतु भारतात अटक करणे, रस्ता बंद करणे किंवा नागरिकाच्या घराची झडती घेणे हे अधिकार भारतीय पोलिसांचेच राहतात, आणि त्यांना शस्त्रे आणायची असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. कोणत्या दारात कोण उभे राहील यावर दोन्ही बाजूंत ताणाताण होते. ती दौऱ्याआधीच्या बैठकांत मिटवणे हे राजशिष्टाचार अधिकाऱ्यांचे कौशल्य असते.

मुंबईने हे नोव्हेंबर २०१० मध्ये जवळून पाहिले. अध्यक्ष बराक ओबामा ताजमहाल हॉटेलात उतरले, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील मृतांना त्यांनी आदरांजली वाहिली आणि गावदेवीच्या मणिभवनाला भेट दिली. त्या भेटीपूर्वी मणिभवनाच्या परिसरातील माडांवरचे नारळ उतरवण्यात आले होते. तेव्हा पुष्कळांना याचे हसू आले, पण डोक्यावर पडू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूचा विचार करणे हे या कामात गरजेचे असते, आणि मुंबईत नारळ पडून माणसे दगावलेली आहेत.

हल्ला झाल्यास अंगरक्षकाचे पहिले काम कोणते?

संरक्षित व्यक्तीला आपल्या शरीराने झाकणे आणि तेथून हलवणे. हल्लेखोराला पकडणे हे बाहेरच्या कड्यातील पोलिसांचे काम आहे. ८ जुलै २०२२ रोजी जपानमधील नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर मागच्या बाजूने दोनदा गोळीबार झाला. दोन्हींमध्ये जेमतेम अडीच-तीन सेकंदांचे अंतर होते, पहिला वार चुकला आणि दुसरा जीवघेणा ठरला. ते अंतर आबे यांना खाली ओढण्यासाठी वापरले गेले नाही आणि पाठीमागच्या बाजूवर पुरेशी नजर नव्हती, हे जपानच्या पोलिसांनी स्वतःच्या अहवालात मान्य केले. ३० जुलै १९८७ रोजी कोलंबोत मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकाने राजीव गांधी यांच्यावर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला होता. गणवेशातील माणूसही नजरेआड करायचा नसतो, हा धडा १९८४ नंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा मिळाला.

ताफ्यासाठी रस्ता बंद असताना घरात रुग्ण अत्यवस्थ झाला तर काय करावे?

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ वर लगेच फोन करून अडचण व ठिकाण सांगावे. सोबतच जवळच्या बंदोबस्तावरील अधिकाऱ्याला प्रत्यक्ष गाठावे, कारण बिनतारी संदेशावरून पुढचे नाके मोकळे करवून घेणे त्यालाच शक्य असते. खासगी वाहन असेल तर रुग्णाची कागदपत्रे समोर ठेवावीत.

जून २०२१ मध्ये कानपूर येथे राष्ट्रपतींच्या ताफ्यासाठी वाहतूक रोखलेली असताना एका आजारी महिलेला रुग्णालयात पोहोचण्यास उशीर झाला आणि त्यांचा मृत्यू झाला. पोलीस आयुक्तांनी जाहीर माफी मागितली आणि काही पोलिसांना निलंबित करण्यात आले. राष्ट्रपतींनीही दुःख व्यक्त केले. असे घडणे हे सुरक्षेचे अपयशच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताफ्याच्या मार्गावरील रुग्णालये, परीक्षा केंद्रे आणि स्मशानभूमी यांची यादी करून त्यांच्यासाठी वाट ठेवणे हे बंदोबस्ताच्या आराखड्यातच असले पाहिजे, ऐन वेळी नाक्यावरील शिपायाच्या समजुतीवर ते सोडता येणार नाही.

आमची इमारत मार्गालगत आहे. पोलिसांनी रहिवाशांची माहिती मागितली तर द्यावी का?

द्यावी. भाडेकरू, घरकामगार, पाहुणे, बंद सदनिका आणि गच्चीच्या किल्ल्या कोणाकडे असतात, एवढेच सहसा विचारले जाते. आलेल्या पोलिसाचे ओळखपत्र पाहण्याचा आणि शंका असल्यास पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करण्याचा अधिकार रहिवाशाला आहे. ताफा जाईपर्यंत खिडक्या बंद ठेवण्याची किंवा गच्चीवर न जाण्याची सूचना पाळावी. ड्रोन, पॅराग्लायडर व फुगे उडवण्यास अशा दिवसांत पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई करू शकतात. पूर्वीचे जमावबंदीचे कलम १४४ ते हेच. लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन ठरवला असेल तर त्या दिवसाची मनाई आधी पाहून घ्यावी.

सभेला जाताना कोणत्या वस्तू सोबत नेऊ नयेत?

पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, डबे, लायटर, काडेपेटी, चाकू-कात्री आणि छत्री प्रवेशद्वारावर अडवल्या जातात. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन सोबत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. महिलांची तपासणी महिला पोलिसांनीच आडोशाला केली पाहिजे, तशी व्यवस्था नसल्यास ती मागावी.

या व्यवस्थेवर किती खर्च होतो आणि त्याची माहिती मिळू शकते का?

एसपीजीची तरतूद दरवर्षी केंद्रीय अर्थसंकल्पात संसदेपुढे येते. २०२०-२१ साठी ती सुमारे ६०० कोटी रुपये होती. दौऱ्यांसाठी राज्यांच्या पोलिसांवर पडणारा भार यात धरलेला नसतो. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एसपीजीचे नाव असल्यामुळे तिच्या कामकाजाची माहिती या कायद्याखाली मागता येत नाही. मात्र भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तर ती सूट लागू होत नाही. नगरपालिका, बांधकाम विभाग किंवा जिल्हा प्रशासन यांनी एखाद्या दौऱ्यासाठी रस्ते, मंडप व रोषणाईवर केलेला खर्च या सवलतीत येत नाही. त्याच्या देयकांच्या प्रती संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे नेहमीच्या अर्जाने मागता येतात.